उन्हातली खुर्ची

या, जरा जवळ सरका. मागच्यांनीही पुढं या, जागा पुष्कळ आहे. देवानं सगळ्यांना सारखंच दिलेलं ऊन एका घरात कसं वाटलं गेलं, ती गोष्ट सांगतो.

घड्याळजी भिंतीकडं तोंड करून खाटेवर पडला होता. डोळ्यांवर टॉवेल, डावा हात मागं ताणलेला.

"झालं का गं?"

"अजून सुरुवातही नाही," बायको म्हणाली. "हात सैल सोडा."

रक्त काढणं हे तिचं रोजचंच काम. एका लॅबच्या तळघरात ती दिवसभर लोकांचं रक्त घ्यायची आणि घेताना देवाचं एक गाणं गुणगुणायची, चार ओळींचं. गाणं संपेस्तोवर नळी भरलेली असायची. रडकी पोरंसुद्धा विचारायची, "टोचलं कधी?" घाई असली की दंडाचा पट्टा ती दातात धरून एका हातानंच आवळायची. बरोबरच्या बाया हसायच्या. "अगं, दुसरा हात काय घरी विसरून आलीस?"

आताही ती गुणगुणत होती. दुसऱ्या ओळीवर सूर जरासा अडला, मग पुढं गेला. गाणं संपल्यावर तिनं नवऱ्याच्या कोपराच्या खळीत कापूस ठेवून वर पट्टी चिकटवली.

"झालं. उठा."

"मुंगी चावल्याएवढंही कळलं नाही!" घड्याळजी उठून बसला. "सुई बघितली की माझा जीव जातो, पण हिचा हात बघा."

तिनं नळीवर त्याचं नाव लिहिलं, दोनदा वाचलं. लॅबचा नियम कडक होता. नळीवर नाव चुकलं की त्याच दिवशी नोकरी गेली. गुडघा धरल्यापासून त्यानं घड्याळांचं दुकान उघडलं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. घर तिच्या नोकरीवर चाललं होतं.

रिपोर्ट पाहून डॉक्टर गंभीर झाले. ड जीवनसत्त्व तळाला गेलं होतं आणि अंगातली सूज दाखवणारा आकडा वर.

"हे एवढं कमी झालं की सूज बळावते. सकाळचं ऊन घ्या. आठवड्याला एक गोळी. आणि विश्रांती."

घरात ऊन एकाच खिडकीतून यायचं. तिथल्या खुर्चीत बसून बायको कामावर जाण्याआधी भाजी निवडायची. दुसऱ्या दिवसापासून ती खुर्ची घड्याळजीची झाली. अंडी, दूध, फळं, सगळं तिथंच पोहोचू लागलं. शेजारीपाजारी विचारपूस करायला येत. तो उसासा टाकून सांगे, "आतून पोखरलोय हो."

दोन महिन्यांत त्याच्या गालांवर तुकतुकी आली. गुडघा दुखायचा थांबला. बायको मात्र तळघराचा जिना चढताना मध्येच टेकू लागली. पाठ ठणकायची, अंग कसकसायचं. उकाड्यातही लांब बाह्यांचा ब्लाउज घालून ती राबत राहिली.

दुसरा रिपोर्ट पहिल्याहून वाईट आला. तिसरा त्याहून.

"गोळ्या चुकवता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकही नाही."

"मग गाडी उलटी असणार. जीवनसत्त्व कमी म्हणून सूज नाही, सूज आहे म्हणून जीवनसत्त्व कमी. आत कुठंतरी दबलेली आग आहे, तीच त्याला खाली ओढतेय. ती वेळेत सापडली नाही तर माणूस हाती लागत नाही."

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. नवऱ्याच्या काळजीनं, असं डॉक्टरांना वाटलं.

त्या दिवशी घरी आल्यावर ती खुर्चीपाशी उभी राहिली.

"अहो, यातली एक गोळी मी घेऊ? हाडं फार दुखतात."

"माझ्या नावानं दिल्यात त्या."

"मग एकदा माझंही रक्त तपासायला सांगू का डॉक्टरांना?"

"नसती थेरं नकोत," घड्याळजी म्हणाला. "एका घरात एक आजारी पुरे. तू आडवी झालीस तर माझं कोण करणार? आणि सरक जरा, ऊन अडतंय."

ती सरकली.

पुढच्या आठवड्यात तिनं त्याचं रक्त पुन्हा घेतलं. या वेळी दुसऱ्या ओळीवर सूर बराच वेळ अडला. चौथी ओळ दम लागल्यामुळं राहूनच गेली. चार दिवसांनी ती तळघराच्या जिन्यावर कोसळली आणि तिसऱ्या दिवशी गेली. पाठीच्या मणक्यात जुना संसर्ग दबा धरून बसला होता.

आता घरी रक्त घेणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून पुढच्या तपासणीला घड्याळजी दवाखान्यात गेला. तिथल्या माणसानं त्याचं रक्त घेतलं तेव्हा त्यानं ओरडून दवाखाना डोक्यावर घेतला. तासाभरानं डॉक्टरांनी त्याच्यापुढं तीन कागद मांडले.

"हा तुमचा, मागच्या आठवड्याचा. हा बाईंचा, ॲडमिट केलं तेव्हाचा. आकडे जवळजवळ तेच, रक्तगटही तोच. आणि हा तुमचा, आत्ताचा. यात काहीही नाही. रक्तगटसुद्धा वेगळा. इतके दिवस मी त्यांचं रक्त तपासून तुम्हाला औषध देत होतो. पहिल्याच रिपोर्टला कळतं तर बाई वाचल्या असत्या. तुम्हाला टोचलेलंच नाही, हे तुमच्या कधी ध्यानातच आलं नाही?"

घड्याळजीनं कोपरावरचा कापूस दाबून धरला.

"घड्याळजी आहे मी, डॉक्टर. एक टिकटिक चुकली तरी माझ्या कानाला कळते. दर वेळी दुसऱ्या ओळीवर तिचा सूर अडायचा. तेव्हा सुई तिच्या स्वतःच्याच दंडात शिरायची." त्यानं उरलेल्या गोळ्यांची पट्टी खिशात नीट ठेवली. "पण त्या खिडकीत ऊन फार छान येतं हो."

उद्या सकाळी उन्हात बसाल, तेव्हा त्या माउलीला एकदा आठवा.