ताकाचा वाटा

फोडणीसाठी चार पानं मागायला आलेल्या शेजारच्या लोंढेवहिनी गॅलरीतल्या कुंडीपाशीच थबकल्या. कढीपत्त्याची पानं कडांनी करपली होती आणि हात लावताच गळत होती.

"अहो भाऊजी, हे काय झालं? पाणी घालता ना?"

"पाणी घालतो. ताक उरलं की तेही घालतो, शालन घालायची तसं."

शालन, माझी बायको, माघात गेली. अकोल्याच्या उन्हात तिने हे झाड कुंडीत जगवलं होतं. तिने लावलेलं जिवंत असं घरात एवढंच उरलं होतं.

"कोणतं ताक? तुम्ही पिता ते? मीठ घातलेलं?"

शालन असताना ताक अळणीच असायचं. मी कुरकुरलो की म्हणायची, "मीठ वरून घ्या, हात मोडलेत का?" झाडाचाही त्यात वाटा असतो, हे तिने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आता मी घुसळतानाच मीठ टाकतो.

"भरपूर पाणी ओतून माती धुऊन काढा," वहिनी म्हणाल्या. "मुळं जगली असतील तर फुटेल." पानं न घेताच त्या गेल्या.

मी कुंडी परातीत ठेवून बादलीभर पाणी हळूहळू ओतलं. खाली उतरलेल्या पाण्यात बोट बुडवून चाखलं. खारट होतं. परात रिकामी करून दुसरी बादली ओतली, पुन्हा चाखलं.

अजून खारटच लागतंय. बादली परत नळाखाली लावली आहे.