ईस्टरची खरेदी

अमेरिकेतलं मेम्फिस. हॅटवर खोवायचं एक जांभळं पीस. चर्चमधल्या शुक्रवारच्या जेवणातला तळलेला मासा. फोनवर हॅटच्या दुकानाच्या जाहिरातीत हॅट घालून हसणाऱ्या पाच गोऱ्या बायका.

त्या दुकानाची गिऱ्हाइकं मात्र आम्ही, ईस्टरला हॅट घालून चर्चमध्ये जाणाऱ्या काळ्या बायका. "जाहिरातीत आमच्यातली एकही नाही?" व्हर्लीनमावशींनी मालकाला विचारलं.

तो हसला. "तुमच्यासाठी जाहिरात कशाला, बाई? तुम्ही तशाही येताच की!"

आलोच. शनिवारी आम्ही दुकानात एकही हॅट शिल्लक ठेवली नाही.

सोमवारी परत करायला दारापर्यंत रांग. लेबलं जागेवर, पावत्या हातात. मालक रडकुंडीला आला. "अहो, सगळ्याच? बिघडलं काय?"

"बिघडलं काहीच नाही, बाळा," मावशी म्हणाल्या. "आरशात पाहिलं, पण जाहिरातीतल्या बायकांसारख्या काही दिसलो नाही."



घरातल्या जुन्या हॅटना आम्ही नवी पिसं लावली. ईस्टरच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये एकाही बाईचं डोकं उघडं नव्हतं.