उजवा हात

"पत्र्याला एक भोक पडलं, तर गाठ माझ्याशी आहे," म्हातारा म्हणाला आणि जीपच्या मडगार्डवर पंजा ठेवून उभा राहिला.

वायरमनने ड्रिल मशीन मुकाट्याने पिशवीत टाकलं. जीप लष्करातली, म्हाताऱ्याहून चार वर्षांनी मोठी. हिरवा रंग, बॉनेटवरचा पांढरा आकडा, बाजूची कुदळ, सगळं मूळचं. इंडिकेटर मात्र तिला जन्मापासून नव्हते. ते बसवल्याशिवाय माझी लेक या गाडीत बसणार नाही, असं म्हाताऱ्याच्या चव्वेचाळीस वर्षांच्या मुलाने बापाला ठणकावलं होतं, तेही आयुष्यात पहिल्यांदा. जुन्या गाड्यांची फेरी आज दहाला निघणार होती. आजोबांशेजारी बसायला मिळणार म्हणून नऊ वर्षांची लेक आठवडाभर हवेत होती. म्हाताऱ्याने अट लगेच मान्य केली. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती.

भोक नाही म्हटल्यावर वायरमनने रबराचे तुकडे घालून पत्र्याच्या पट्ट्या आवळल्या आणि चारी दिवे त्यांत नुसते अडकवले. मुलगा डाव्या हाताने त्याला पाने, स्क्रू, चिकटपट्टी देत होता. त्याच्या शर्टाची उजवी बाही कोपराच्या वर दुमडून सेफ्टी पिनने टाचलेली होती. वायरमनची नजर तिकडे दोनदा गेली, पण विचारणार कसं? त्याने गाडीचंच विचारलं.

"काका, हिचं स्टिअरिंग डावीकडे. उजवीकडे वळायचं तर तुमचा हात बाहेर पोचायचाच नाही. मग इतकी वर्षं काय करत होता?"

"हा बसायचा ना तिकडे." म्हाताऱ्याने मुलाकडे हनुवटी उडवली. "मी 'उजवीकडे' म्हटलं, की याचा हात बाहेर. सातव्या वर्षापासून. माझा उजवा हात होता हा."

आपण काय बोललो ते म्हाताऱ्याच्या गावीही नव्हतं. की होतं? पस्तीस वर्षं झाली, मुलाला अजून उलगडा होत नव्हता.

वायरमनचा पाना थांबला. "ट्रक?" त्याने हळूच विचारलं.

"मागून आला," मुलगा म्हणाला. "दहाचा देऊ की बाराचा?"

"ट्रकवाल्याचा दोष नाही," म्हातारा म्हणाला. "त्याला हात दिसला तर पाहिजे ना! हा कधी धड बाहेर काढायचाच नाही. घाबरट."

मुलाने दहाचा पाना दिला.

तारा जोडून झाल्या. उजवीकडचं बटण दाबलं तर पुढचा दिवा घाईघाईने लुकलुकायला लागला. "मागचा लागत नाहीये. एक बंद असला की दुसरा अशी घाई करतो," म्हणत वायरमनने मागचा बल्ब काढून पुन्हा बसवला. मग दोन्ही दिवे शहाण्यासारखे सावकाश चालू लागले. टिक, टिक, टिक. मुलाचा जीव भांड्यात पडला. त्याने तीनतीनदा बटण दाबायला लावलं आणि स्वतः मागे जाऊन पिवळा उजेड बघत राहिला. लिंबाएवढा दिवा. पस्तीस वर्षांपूर्वी हा असता तर, असं मनात आलं आणि त्याच्या डोक्यात तिडीक गेली. तेव्हाही बाजारात मिळतच होता की.

लेक बूट घालून धावत आली. "पप्पा, मग मी हात नाही काढायचा?"

"नाही. दिवा लागेल."

"मग मी काय करू?"

"बसायचं. मजा बघायची."

तिचं तोंड एवढंसं झालं. आजोबांनी तिला डोळा मारला.

वायरमन निघाला. त्याची स्कूटर सुरू होईना, तेव्हा मुलाने फाटक उघडलं आणि एका हाताने रेटत ती गल्लीच्या टोकापर्यंत नेली. तिथे एकदाची धुगधुगी आली. "भोकं पाडू दिली असती तर काम पक्कं झालं असतं हो," वायरमन जाता जाता म्हणाला. "त्या पट्ट्या काय, दोन मिनिटांत सुटतील."

मुलगा वळला. जीपचं इंजिन घुरघुरत होतं. तो धावला.

जीप फाटकात आली होती. म्हातारा स्टिअरिंगवर, लेक उजव्या सीटवर. मागे ओसरीच्या कट्ट्यावर चारी दिवे वर्तमानपत्रावर ओळीने मांडले होते. तारा नीट गुंडाळून वर रबर बँड लावलेला. म्हाताऱ्याची शिस्तच तशी.

"बाबा, दिवे?"

"तिथे परीक्षक असतात. असली थिगळं लावून नेऊ? मूळचं ते मूळचं."

"मग ती उतरेल." तो जीपसमोर उभा राहिला.

"बाजूला हो," म्हातारा म्हणाला. आवाज चढवलादेखील नाही.

आणि तो बाजूला झाला. पाय आपसूक मागे सरले. त्याला स्वतःची इतकी किळस कधी वाटली नव्हती.

"उजवीकडे!" म्हातारा ओरडला.

लेकीचा हात झटकन बाहेर आला. त्याच क्षणी टाचलेल्या बाहीतला थोटा हातही खांद्यापासून वर उचलला गेला.

"कोपर सरळ, बाळा," म्हातारा लाडाने म्हणाला. "तुझा बाप वाकवायचा."