कळशीखालचा टॉवेल

सकाळचे सहा ते साडेसहा नंदिताने योगासनांसाठी राखून ठेवले होते. दिवसभर सिरुसेरीच्या आयटी पार्कातलं ऑफिस, संध्याकाळी लेकीचा अभ्यास. स्वतःसाठी दुसरा वेळ मिळणार तरी कुठून? महिनाभर ती दार लावून मॅटवर आसनं करायची. घरातून भांड्याचासुद्धा आवाज यायचा नाही. आज तहान लागली म्हणून ती मध्येच स्वयंपाकघरात गेली आणि दारातच थबकली. पिण्याचं पाणी नळाला याच अर्ध्या तासात यायचं. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या सासूबाई भरलेली पितळी कळशी अलगद जमिनीवर टेकवत होत्या. आवाज होऊ नये म्हणून खाली टॉवेलची घडी होती. महिन्यापूर्वीपर्यंत हे काम नंदिताचं होतं. ते आता कोण करतं, असा प्रश्न तिला पडलाच नव्हता. "आई, द्या इकडे," ती कशीबशी म्हणाली. सासूबाई दचकल्या. "अगं, अशी कशी उठलीस? तुझं शवासन राहिलंय ना?"