ओली चादर

रॉयस टटलने चादर पुन्हा बादलीत बुचकळली, अर्धवट पिळली आणि कॅम्परच्या जाळीच्या खिडकीवर ताणून बसवली. आत त्याची दोन्ही मुलं चड्डीवर पडली होती. भट्टीत पाव ज्या शांततेने पडलेले असतात, त्या शांततेने.

"बाबा, यानं गार कधी होणार?" टेसाने विचारलं. ती नऊ वर्षांची होती आणि बापावरचा तिचा विश्वास जेवणापर्यंत टिकला होता.

"होतंय. धीर धर," रॉयस म्हणाला.

मिझुरीतल्या त्या तळ्याकाठी जुलैत हवा वाहत नाही; अंगावर येऊन बसते. कॅम्पर रॉयसच्या वडिलांचा होता. हँडल फिरवलं की छप्पर वर जायचं, दोन्ही टोकांचे पलंग कपाटाच्या खणांसारखे बाहेर यायचे, आणि गाडीमागून ओढत आणलेल्या पेटीचं कापडी घर व्हायचं. याच ओकच्या झाडाखाली, याच मागच्या पलंगावर रॉयसच्या लहानपणाचे सगळे उन्हाळे गेले होते. गारेगार गेले होते. वडील खिडकीवर ओली चादर टांगायचे आणि तिच्यामागून असा गारवा यायचा की पहाटे पांघरूण ओढावं लागे. बाहेर रातकिडे एका सुरात घरघरत असायचे. त्या घरघरीवर लागायची तशी झोप रॉयसला पुढे कुठेच लागली नाही. चांगल्या हॉटेलात नाही, आणि लग्नानंतर तर नाहीच.

वडील, ऑर्वल, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात वाढलेले. तिकडे त्यांची आई दारावर ओली चादर सोडायची आणि घर गार व्हायचं. त्यामुळे एसी ही आळशी माणसांची सोय आहे असं त्यांचं ठाम मत होतं. ते मत ते शेजारच्या एसीवाल्यांना सहज ऐकू जाईल अशा आवाजात मांडत, कारण बाटल्यांच्या कारखान्यात त्यांचे कान अर्धे गेले होते.

मुलांना तोच उन्हाळा द्यायचा, एवढंच रॉयसला हवं होतं. पण त्याच्या बायकोने, जॅनेलने, सकाळीच मुदत घातली होती. संध्याकाळपर्यंत हे घर माणसांनी झोपण्यासारखं झालं नाही तर हमरस्त्यावरचं मोटेल. आणि घरी पोचल्यावर कॅम्पर विकायचा. ती दुष्ट नव्हती. तिला घामोळं आलं होतं.

रॉयसने छपरावर चंदेरी कापड घातलं. पंख्यापुढे बर्फाच्या बाटल्या मांडल्या. मुलांना तळ्यात भिजवून आणलं. ती वाळली आणि लगेच पुन्हा भिजली, या वेळी आपापल्या घामाने. धाकट्या कोल्बीने मात्र तक्रार केली नाही. त्याने फक्त विचारलं, की आजोबा वारले ते इथेच का.

जॅनेल उठली आणि उशा गाडीत भरू लागली.

इतका वेळ रॉयसची आई, लोरीन, मुलांच्या प्लॅस्टिकच्या टबात पाय सोडून, मीठ लावलेलं कलिंगड खात बसली होती. आता तिने बिया थुंकल्या आणि स्वतःच्या गाडीची किल्ली रॉयसकडे टाकली. डिकी उघड म्हणाली. डिकीत गोधडीखाली खिडकीत बसवायचा एक जुनाट, तपकिरी एसी होता.

"आई, हे काय?"

"तुझे रातकिडे," लोरीन म्हणाली.

मग तिने सांगितलं. मिझुरीच्या दमट हवेत ओली चादर एकच काम करते: तिच्यामागे काय आहे ते दिसू देत नाही. रॉयस तान्हा असताना उकाड्याने रडून रडून निळा पडला, तेव्हा तिने हा एसी आणला. ऑर्वल संध्याकाळी मासे धरायला गेले की ती तो पलंगामागे खोक्यावर ठेवायची, त्याचं तोंड कापडाच्या फटीतून आत घालायची आणि वरून ऑर्वलचीच चादर सोडायची. ऑर्वल परत यायचे, गारव्यात उभे राहायचे आणि वाळवंटातल्या लोकांच्या अकलेवर तिला व्याख्यान द्यायचे. कानांनी अधू असल्यामुळे घरघरीचा प्रश्न नव्हता.

"शेवटपर्यंत पत्ता लागला नाही त्यांना," ती म्हणाली. "कुणी देवावरचा विश्वास घेऊन जातं, तुझे बाबा चादरीवरचा घेऊन गेले."

"मग सकाळीच का नाही सांगितलंस?"

"तुझी मान तुझ्या बापासारखी ताठ. जरा वितळायची वाट बघत होते."

चादरीमागे खोक्यावर बसवलेला एसी सुरू झाला. त्या काळच्या यंत्रांना मरण ठाऊक नव्हतं. थोड्या वेळाने आतून टेसाचा आवाज आला, "बाबा, चादर लागू पडली."

जॅनेलने आत हात घातला. मग कान दिला. नवऱ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि उशा परत आणून मुलांच्या डोक्याखाली सारल्या.

"इथे रातकिडे फार आहेत, नाही?" ती मुलांना म्हणाली.

रॉयस मागे गेला. एसीच्या पाठीतून पाणी टपकत होतं. त्याने भांडी घासायचं पसरट घमेलं खाली सरकवलं, आणि वाकलेला तसाच राहिला.

हे घमेलं त्याने लहानपणी इथेच पाहिलं होतं. रोज पहाटे, आई उठायच्या आधी, वडील बनियनवर इथे यायचे आणि खोक्याखालचं काठोकाठ भरलेलं घमेलं ओकच्या बुंध्याशी रितं करायचे. रॉयसला वाटायचं, माशांचं पाणी असेल.

"काय रे, काय झालं?" लोरीनने पलीकडून विचारलं. इतक्या वर्षांचं गुपित उघडं केल्याने ती फार खुशीत होती.

"काही नाही," रॉयस म्हणाला.

एकदा वडिलांनी त्याला बघताना पाहिलं होतं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं होतं आणि, आयुष्यात पहिल्यांदाच, अगदी हळू आवाजात म्हणाले होते, "आईला सांगू नकोस हं. तिला वाटतं, मला ऐकू येत नाही."