वर्तुळाचं दार

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या एका लॅबमध्ये सावनीने आठ महिने उंदरांना शिकवलं : वर्तुळाचं चित्र असलेल्या दारामागे खाऊ असतो, चौकोनामागे नसतो; खाऊचा वास मात्र दोन्हीकडे सारखाच ठेवलेला. उंदीर दहापैकी नऊ वेळा बरोबर दार उघडू लागले. मग त्यांच्या मेंदूचा स्कॅन केला. शिकलेलं आठवताना कोणता भाग जास्त साखर वापरतो, ते त्यात दिसणार होतं. पाहण्याचा भाग मंद होता. वास घेण्याचा भाग लखलखत होता.

“मशीन पुन्हा चेक कर,” लॅबचे प्रमुख चंद्रशेखर सर म्हणाले. “शुक्रवारी पेपर पाठवायचाय. तुझ्या नोकरीचं रिन्यूअल त्याच्यावरच आहे.”

मशीन ठीक होतं. आजवर खाऊ सावनीच उघड्या हाताने ठेवत आली होती. आता तिने लॅबमधल्या सहकारी मोनाला ग्लोव्ह्ज घालून ठेवायला सांगितलं. उंदीर दोन्ही दारांसमोर गोंधळून फिरत राहिले.

सावनी सरांच्या केबिनमध्ये गेली.

“पेपर कॅन्सल करू या, सर. ते चित्र त्यांनी कधी पाहिलंच नाही.”

“मग आठ महिने ते शिकले काय?”

“मला ओळखायला.”