शुद्ध दुधाचा नमुना

"देव एखादवेळ चुकेल, लेझर चुकायचा नाही," असं जाहीर करून डेअरीच्या चेअरमननी भेसळ शोधणाऱ्या नव्या लेझर-यंत्राला लिंबू-मिरची बांधली. शुद्ध दूध कसं असतं हे यंत्राला कळावं म्हणून त्यांनी स्वतःच्या गाईचं दूध त्याला आधीच दाखवलं होतं. त्याच्याशी जुळलं तर हिरवा दिवा, नाही तर लाल. दुसऱ्यांदा लाल लागला की दूध घेणं कायमचं बंद.

पहिल्याच दिवशी विजयमालाबाईंना लाल लागला. घर त्या एका गाईवर चाललेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गायच डेअरीच्या दारात आणली, सगळ्यांदेखत धार काढली आणि किटली यंत्रापुढं ठेवली.

लाल.

विजयमालाबाईंनी पदराला हात पुसले.

"चेअरमनसाहेब, तुमच्या घरी लिटरमागं पानी किती टाकत्यात, तेवढं सांगा की. उद्यापासून आमी बी टाकतो."